धंद्याचा टच फोन आपल्या हिशोबानं कसा लावून घ्यायचा

फोन डब्यातून निघतो तेव्हा तो एसीत बसणाऱ्या, कोरड्या बोटांच्या माणसाच्या हिशोबानं लावलेला असतो. आपल्याकडे तो मे महिन्यात टिनाखाली बसून चालवावा लागते, हाताला पोटॅशचा भुरका लागलेला, समोर चार गिऱ्हाईकं उभी, नेटवर्कची एकच दांडी. म्हणून फोन बेकार आहे असं बोंबलण्याआधी तो आपल्या कामाला लावून घ्या, अर्धा दिवस जाईल पण पुढची दोन-तीन वर्षं डोकेदुखी कमी. मी कृषी केंद्राच्या काउंटरवरून सांगून राहिलो त्यामुळे उदाहरणं खत-बियाण्याचीच येतील, पण किराणा असो, डेअरी असो, कापसाची खेडा खरेदी असो, बहुतेक सगळं तेच आहे. सेटिंगची नावं कंपनीप्रमाणे थोडी इकडंतिकडं असतात, सापडलं नाही तर सेटिंग उघडून वरच्या भिंगात शब्द टाका, निघते बरोबर.

कोणता फोन घ्यायचा हा वाद इथं घालत नाही. सहा-आठ जीबी रॅम, १२८ जीबी जागा, ५००० ची बॅटरी एवढं असलं की धंद्याला पुरे, उरलेले पैसे कव्हर आणि पावरबँकमधे घाला. एक मात्र बघा, डब्यावर आयपी६८ सारखं काही लिहिलं आहे का. त्यातला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा, पहिला सहा असला म्हणजे धूळ आत जात नाही. आपल्याकडे फोन पाण्यानं कमी आणि धुळीनंच जास्त मरते. आणि पाण्याचा आकडा मोठा आहे म्हणून निर्धास्त राहू नका, आत पाणी गेलेला फोन वॉरंटीत सहसा घेत नाहीत.

बोटं, घाम आणि काच

टच काम कसा करते हे एकदा समजून घेतलं तर अर्धी चिडचिड जाते. काचेच्या खाली बारीक विजेचं जाळं असते, बोट टेकलं की तिथला चार्ज बदलते आणि फोनला कळते की इथं हात लागला. जोराचा त्यात काही संबंध नाही. आपल्याकडची बरीच मंडळी बटण दाबल्यासारखा अंगठा रेटतात, काच तडकेल पण काम व्हायचं नाही. घामाचा थेंब किंवा पावसाचा थेंबही फोनला बोटासारखाच वाटते, म्हणून पावसाळ्यात फोन आपोआप नाचू लागते, कोणालाही फोन लागते, अन् लोक म्हणतात हँग झाला. हँग नाही झाला, ओला झाला. दुपट्ट्याच्या कोरड्या टोकानं काच पुसा आणि बोटंही पुसा, नुसती काच पुसून भागत नाही.

उलटा त्रास घट्टे पडलेल्या हाताचा. वखर-डवऱ्यावर काम केलेल्या माणसाच्या बोटाच्या शेंड्याची कातडी इतकी जाड आणि कोरडी असते की ते बोट फोनला समजतच नाही. अशा वेळी शेंडा न टेकवता बोटाचा मऊ गादीचा भाग टेकवा, नाहीतर करंगळीनं चालवा, दिसायला कसंही दिसो. सेटिंगमधे डिस्प्लेत 'टच सेन्सिटिव्हिटी' नावाचं एक बटण बऱ्याच फोनमधे आहे, ते चालू करा, विशेषतः जाड टेम्पर्ड ग्लास बसवला असेल तर नक्की. आणि ग्लास काठाशी उचलला गेला, खाली धूळ शिरली, की बदलून टाका, शंभर रुपयांसाठी कोपऱ्यातला टच वर्षभर सहन करणारे लोक मी रोज पाहतो.

काच पुसायला काउंटरवरचा काच साफ करायचा स्प्रे मारू नका. काचेवर बोटाचे डाग धरू नयेत म्हणून एक पातळ थर दिलेला असते, तो त्यानं निघून जाते, मग काच चिकट होते आणि बोट सरकत नाही. फोन बंद करून किंचित ओलं मऊ फडकं, बस.

बोटाच्या ठशाचं लॉक लावताना एक करा. एकच अंगठा दोन-तीनदा वेगवेगळा नोंदवा, एकदा सरळ, एकदा कडेनं, आणि एकदा कामाच्या दिवसात, म्हणजे हात खरखरीत असताना. एकच बोट दोनदा नोंदवलेलं बहुतेक फोनला चालते. खताच्या पॉस मशीनवर (आधारवर अंगठा घेऊन खत देतो ते) अंगठा लागत नाही म्हणून आपण जे सोसतो तेच फोनवरही होते, कारण ठसाच झिजलेला असते. त्यामुळे सहा आकड्यांची पिनही पाठ पाहिजेच. रेघा ओढायचा पॅटर्न लावू नका, धुळीच्या काचेवर त्याची वाट अशी स्पष्ट उमटते की फोन उन्हात तिरपा धरला तर कोणालाही वाचता येते. चेहऱ्याचं लॉक स्वस्त फोनमधे नुसत्या समोरच्या कॅमेऱ्यावर चालते, त्याच्या भरवशावर गल्ला सोडू नका, अन् तोंडाला दुपट्टा बांधला की ते तसंही उघडत नाही.

ऊन, कापूस, फवारा

वावरात किंवा बाजार समितीत उन्हात स्क्रीन दिसत नाही ही सगळ्यांची तक्रार. यात तीन गोष्टी आहेत. ब्राइटनेस आपोआपवर ठेवा, बऱ्याच फोनचा खरा जास्तीचा उजेड कडक उन्हात त्या आपोआपमधेच निघते, हातानं पट्टी पूर्ण ओढली तरी तेवढा निघत नाही. काळी पार्श्वभूमी म्हणजे डार्क मोड, तो दुकानात ठीक आहे, उन्हात बंद करा, पांढऱ्यावर काळी अक्षरंच वाचता येतात. आणि अक्षरं मोठी करा, त्यात लाज काय आहे, चाळिशी लागली की रेट चुकीचा वाचण्यापेक्षा मोठं अक्षर बरं.

एवढं करूनही दुपारी स्क्रीन अंधुक होत असेल तर फोन तापला आहे. तापला की तो स्वतःच उजेड कमी करते, चार्जिंग थांबवते, फ्लॅश लागू देत नाही, हा बिघाड नाही, जीव वाचवणं आहे. बहुतेक कंपन्या फोन ३५ डिग्रीच्या हवेपर्यंत वापरा असं सांगतात आणि आपल्याकडे चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा इथं उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जाते, मग तो बिचारा काय करणार. गाडीच्या टाकीवरच्या पाऊचमधे, बोलेरोच्या काचेजवळ, टिनाला लागून असलेल्या फळीवर फोन ठेवू नका. तापलाच तर कव्हर काढा, सावलीत पंख्याखाली ठेवा, दहा-पंधरा मिनिटं हात लावू नका. फ्रीजमधे ठेवणारे पण आहेत आपल्याकडे, तसं करू नका, बाहेर काढल्यावर आत दव धरते आणि चांगला फोन हातचा जाते. चार्जिंग दुपारी करू नका, सकाळी लवकर नाहीतर रात्री करा, आणि बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवायचं बटण फोनमधे असेल तर उन्हाळ्यात ते लावून ठेवा, उष्णतेत काठोकाठ भरलेली बॅटरी लवकर म्हातारी होते.

आता चार्जिंगचं भोक. दिवाळीनंतर सीतादही (कापूस वेचायच्या आधीची पूजा) होऊन वेचा जोरात सुरू झाला की महिनाभरात आमच्याकडे एकच तक्रार येते, भाऊ, पिन ढिली झाली, चार्जिंग पकडत नाही. दहातल्या बहुतेकांची पिन चांगलीच असते, आत कापूस असते. खिशात तंतू, गोणीचे धागे, धूळ, हे सगळं त्या भोकात जाते आणि आपण दर वेळी चार्जर लावतो तेव्हा ते आतल्या आत ठेचलं जाते, असं करत करत तळाशी पार नमद्यासारखी करडी गादी बनते आणि पिन पूर्ण आत बसतच नाही. फोन पूर्ण बंद करा, उजेडात धरा, दात कोरायची लाकडी काडी घ्या, सुई नको, टाचणी नको, केसांची पिन तर नकोच. कडेकडेनं हलक्या हातानं उचकटा, मधल्या जिभेला धक्का लागू देऊ नका. एक अख्खी गाठ निघते, पहिल्यांदा पाहणारा तोंडात बोट घालते. मग तोच चार्जर खट्ट आवाज करून बसते. तोंडानं फुंकू नका, थुंकीची वाफ जाते. खताच्या दुकानात अजून एक, चार्जर गोण्यांच्या थप्पीवर टाकून ठेवू नका, युरिया-पोटॅश हवेतलं पाणी ओढते आणि ते ओलसर मीठ पिनेला खाऊन टाकते.

फवारणीवर जाणाऱ्यांसाठी हे जरा थांबून वाचा. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, ते आपल्याकडे कोणी विसरलं नाही. पंप पाठीवर असताना फोन वाजते, औषध लागलेल्या हातानं आपण तो काढतो, गालाला लावतो, बोलता बोलता खर्रा (तंबाखू-सुपारी) तोंडात टाकतो, आणि घरी आल्यावर तोच फोन लेकरू गेम खेळायला घेते. पंप घालण्याआधी फोन पारदर्शक झिपच्या पिशवीत टाका, पातळ प्लास्टिकमधूनही टच चालते, स्पीकरवर बोलता येते, आणि घरी आल्यावर पिशवी फेकून द्यायची. दोन रुपयांची पिशवी आहे. मी बोंडअळीच्या औषधासोबत एक पिशवी फुकट देतो, लोक हसतात, पण नेतात.

नावं, व्हॉट्सअॅप आणि उधारी

कॉन्टॅक्ट सेव्ह करायची पद्धत लावली नाही तर फोनचा काही उपयोग नाही. आपल्याकडे गजानन किती, ज्ञानेश्वर किती, राठोड किती. आधी गाव, मग नाव, मग ओळख, असं लिहा, म्हणजे 'मारेगाव गजानन डिझेल इंजिनवाला'. गाव आधी टाकलं की त्या गावाला जायचं असलं तेव्हा गावाचं नाव टाकून सगळी वसुली एका खाली एक दिसते. आणि नंबर सिमवर सेव्ह करू नका, गूगल खात्यात करा, सिममधे जागा थोडी आणि सिम गेलं की नंबरही गेले.

धंद्यासाठी व्हॉट्सअॅप बिझनेस वेगळं टाका, २०१८ पासून आहे, फुकट आहे, आणि एकाच फोनमधे घरचं साधं व्हॉट्सअॅप एका नंबरवर आणि दुकानाचं दुसऱ्या नंबरवर चालते. बोर्डावर, बिलबुकावर जो नंबर छापला तो दुकानाचा, तो कधी बदलायचा नाही. यातलं खरं काम लेबलचं आहे. चॅटवर बोट दाबून धरलं की लेबल लावता येते, मी थोडीच ठेवली, 'उधारी', 'माल आला की सांगणे', 'फोटो पाहायचा आहे'. संध्याकाळी गल्ला मोजला की तिसरं लेबल उघडून फोटोंना उत्तर द्यायचं, लेबल काढायचं, झालं. आधी हे सगळं शुभ सकाळच्या ढिगाऱ्याखाली दबून जायचं.

ठरलेली उत्तरं पण लावून ठेवा, तिरकी रेघ टाकून छोटा शब्द लिहिला की पूर्ण मजकूर येते. युरिया आहे का, केवढ्याला, काय लागते, हे दिवसातून किती वेळा विचारतात ते तुम्हाला माहीतच आहे. मजकूर असा पाहिजे: 'युरिया उपलब्ध आहे, ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैसे, आधार कार्ड घेऊन स्वतः यावे.' एवढं एकदा लिहिलं की दिवसभर बोटं वाचतात. दुकान बंद असतानाचा आपोआप जाणारा मेसेजही लावा आणि त्यात वेळेसोबत एक ओळ टाका: फवारणीनं मळमळ, चक्कर असेल तर इथं मेसेज करून वाट पाहू नका, १०८ ला फोन करा.

माल आला की सगळ्यांना कळवायला ब्रॉडकास्ट वापरतात, पण एक अट लोक विसरतात. ज्याच्या फोनमधे आपला नंबर सेव्ह आहे त्यालाच तो जाते. म्हणून बिल देताना त्याच्यासमोर त्याच्याच फोनमधे आपला नंबर सेव्ह करून घ्यायचा, आणि स्टेटसवरही टाका, ते पण नंबर सेव्ह असला तरच दिसते, आपल्याकडे स्टेटस माणसं पेपरपेक्षा जास्त वाचतात. ग्रुप काढायच्या भानगडीत पडू नका, दोन दिवसांत तिथं राजकारण सुरू होते.

फोटो-व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणं बंद करा आणि गॅलरीत दिसणंही बंद करा, दोन्ही बटणं व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमधेच आहेत. १२८ जीबीचा फोन भरला म्हणून रडणाऱ्या माणसाच्या फोनमधे पाहा, नेत्यांच्या वाढदिवसाचे व्हिडिओ निघतात.

आता उधारी. उधारीचं काहीही व्हॉइस मेसेजवर ठेवू नका. लिहायचा कंटाळा येते हे खरं, पण आवाजात शोधता येत नाही, आणि चार महिन्यांनी 'मी असं म्हटलंच नाही' झालं की पन्नास ऑडिओ ऐकत बसाल. बोलूनच लिहा ना, गूगलच्या कीबोर्डात मराठी टाका आणि माइक दाबून बोला, तो लिहून देते. फक्त त्याला आपली वऱ्हाडी झेपत नाही, 'मले दोन थैल्या पाह्यजेन' म्हटलं की भलतंच काहीतरी उमटते, तेवढ्यापुरतं पुस्तकातलं बोला. आणि आकडा पाठवण्याआधी डोळ्यानं वाचा, पंधराशे आणि पाचशे यात कीबोर्डाला फारसा फरक वाटत नाही, आपल्याला वाटते. माल दिला की लगेच मेसेज: तारीख, काय दिलं, किती बाकी. समोरच्यानं नुसता अंगठा पाठवला तरी पुरे. वही बंद करा असं मी म्हणत नाही, वही पाहिजेच, फोन वहीचा साक्षीदार आहे.

फोटो मागवायचा तर नीट मागवा

गिऱ्हाईक पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या झाडाचा, फोटो पाठवते, त्यात धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत अख्खं वावर दिसते आणि विचारते कोणतं औषध मारू. सांगून ठेवा की फोटो कसा पाहिजे. आधी कॅमेऱ्याची काच सदऱ्याला पुसा, अर्धे धुरकट फोटो त्यानंच असतात. पान तोडून उलटं करा, मावा, तुडतुडे, पांढरी माशी सगळं पानाच्या पाठीमागं असते. खाली वहीचं पांढरं पान, बाजूला एक रुपयाचं नाणं म्हणजे किडीचा आकार कळते. सावलीत काढा, काचेवर किडीवर बोट टेकवा म्हणजे तिथं फोकस येते, मग हात स्थिर ठेवून काढा. गुलाबी बोंडअळीची शंका असेल तर बोंडाचा बाहेरून फोटो कामाचाच नाही, बाहेरून बोंड धडधाकट दिसते, हिरवं बोंड फोडून आतून काढा. आणि पाठवताना वर एचडी लिहिलेलं दाबायला सांगा, नाहीतर व्हॉट्सअॅप फोटो इतका आवळते की अळी आणि डाग एकच दिसतात.

बियाण्याच्या पिशवीवरचं लेबल, लॉट नंबर आणि बिल यांचा फोटो प्रत्येक गिऱ्हाईकाला काउंटरवरच काढायला लावा. उगवलं नाही तर तक्रार करायला तेच लागते, आणि तोवर पिशवी चुलीत गेलेली असते. आपल्याकडच्या कागदांसाठी गूगल ड्राइव्हमधलं स्कॅन वापरा, तो कडा कापून सरळ पीडीएफ बनवते, नावात तारीख आणि कंपनी टाका.

सरकारी अॅपची कामं लोक आपल्याच दुकानात आणतात, हे टळत नाही. ई-पीक पाहणी २०२१ पासून आहे, ती दुकानात बसून होत नाही, वावरात उभं राहून लोकेशन चालू करून फोटो काढावा लागते, तेव्हा त्यांना तिथंच पाठवा. २०२५ पासून सीसीआयला (सरकारी कापूस महामंडळाला) कापूस द्यायचा तर कपास किसान अॅपवर नोंद आणि स्लॉट, आणि २०२५-२६ ला लांब धाग्याचा हमीभाव ८११० असल्यावर नोंदीला गर्दी होणारच. मदत करा, पण ज्याचं काम त्याच्याच नंबरवर. 'भाऊ तुमचाच नंबर टाका ना' म्हणतात, टाकू नका. पुढे सगळे ओटीपी तुमच्याकडे येतात, तुम्ही लग्नाला गेले की तो अडकते, आणि पैशाचं काही इकडंतिकडं झालं की संशय तुमच्यावर.

पैसे

क्यूआर लावलेला प्रत्येक दुकानदार हे जाणते तरीही फसते: समोरच्याच्या स्क्रीनवरचं हिरवं टिक म्हणजे पैसे आले असं नाही. तसे हुबेहूब दाखवणारे नकली अॅप आहेत. आपला स्पीकर बोलला नाही आणि आपल्या अॅपमधे दिसलं नाही तोवर गोणी उचलू द्यायची नाही, मग तो ओळखीचा असो. बँकेचा मेसेज दाखवला तर कोणाकडून आला ते बघा, दहा आकडी मोबाईल नंबरवरून बँक कधी मेसेज पाठवत नाही.

नेटवर्कमुळे खरंच अडकलं तर भांडू नका, त्याच्या अॅपमधला बारा आकडी यूपीआय व्यवहार क्रमांक लिहून घ्या आणि दुसऱ्यांदा पैसे मारायला सांगू नका. त्याच्या खात्यातून कटले आणि दुकानाला आले नाहीत तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पाच दिवसांत ते त्याला परत गेले पाहिजेत. आणि पैसे घ्यायला पिन लागत नाही, कधीच नाही. 'पैसे पाठवले, पिन टाका' असा फोन आला की ठेवून द्या. काउंटरवरच्या क्यूआरवर सकाळी एकदा हात फिरवा, कोणी वरून दुसरा चिटकवला तर बोटाला कळते. चहा-पेट्रोलसाठी यूपीआय लाइट लावा, हजारापर्यंतचा व्यवहार बिनापिनचा होते, त्यात ५००० च्या वर ठेवता येत नाही त्यामुळे धोकाही तेवढाच. टपरीवर चार माणसांत पिन दाबत बसायची गरज नाही.

सध्या सगळ्यात वाईट काय चाललं असेल तर एपीके, म्हणजे फोनमधे अॅप घालायची फाइल. पीएम किसानची यादी, आरटीओचं चालान, लग्नपत्रिका, असं नाव असते आणि शेवटी एपीके लिहिलेलं असते, बहुतेक वेळा ओळखीच्याच नंबरवरून येते कारण त्याचा फोन आधीच गेलेला असते. लग्नपत्रिका फोटो असते किंवा पीडीएफ, अॅप कधी नसते. सेटिंगमधे जाऊन 'अनोळखी अॅप इन्स्टॉल' याची परवानगी व्हॉट्सअॅप आणि ब्राउझर दोघांचीही बंद करा, मग चुकून बोट पडलं तरी काही होत नाही. कोणाच्या फोनात घुसलंच असेल तर लगेच एरोप्लेन मोड, दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कॉल, आणि १९३०. पहिल्या तासात फोन केला तर पैसे रोखले जायची शक्यता बरीच असते, उद्या पाहू म्हटलं की गेले.

दुकानात फोन हातोहात फिरते, 'दाखव बरं तो फोटो' म्हणून कोणी घेते आणि बोटानं पुढं पुढं सरकवत जाते. सेटिंगमधे सिक्युरिटीत 'अॅप पिन' चालू करून ठेवा, फोटो उघडायचा, अॅप पिन करायचं, मग फोन द्यायचा, तुमच्या पिनशिवाय तो दुसऱ्या अॅपमधे जाऊच शकत नाही, त्याच गॅलरीतले पुढचे फोटो मात्र सरकवता येतात. लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणं पण बंद करा, ओटीपी बाहेरून वाचता आला तर लॉकचा काय फायदा.

नेटवर्क, लाइन आणि बाकीचं

दोन सिम ठेवा पण डोकं लावून. बँकेला, यूपीआयला जोडलेलं सिम कायम याच फोनमधे, त्याला रिचार्ज चुकवू नका. नेट त्या कंपनीचं घ्या जिचा टॉवर तुमच्या गावाला लागून आहे, शहरात कोणतं फास्ट चालते याच्याशी आपल्याला काही घेणं नाही. गावात फाइव्हजीची एकच दांडी येत-जात असेल तर नेटवर्क फोरजीवर बसवून टाका, नाहीतर फोन दिवसभर फाइव्हजी शोधत फिरते आणि दुपारी बॅटरी निम्मी. घरी किंवा दुकानात फायबर आलं असेल तर वायफाय कॉलिंग चालू करा, टॉवर नसला तरी साधा कॉल लागते, ही सोय लोकांना माहीतच नाही.

लाइन जाण्यावर उपाय पावरबँकच आहे. १०००० लिहिलेली घेतली तर फोनला त्यातले साधारण सहा हजारच मिळतात, कारण आतली बॅटरी ३.७ व्होल्टची आणि बाहेर ५ व्होल्ट द्यावे लागतात, त्यात जाते. दुकानदारानं फसवलं असं नाही, मागं बारीक अक्षरात खरा आकडा छापलेला असते तो बघून घ्या. लाइन परत येताना झटका देते, तेव्हा चार्जर लावून ठेवू नका. विजा चमकत असतील तर चार्जर काढाच, आणि वावरात जाणाऱ्यांच्या फोनमधे दामिनी अॅप टाकून द्या, पुण्याच्या संस्थेनं बनवलं आहे, २० ते ४० किलोमीटरच्या आत वीज पडत असली की सांगते.

फोन हरवायच्या आधी करायचं काम एकच. *#०६# दाबा, आयएमईआय म्हणजे फोनच्या ओळखीचे नंबर दिसतात, दोन सिम असले तर दोन, ते उधारीच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा. फोनमधे फोटो काढून ठेवू नका, फोनच गेला तर फोटो कुठं पाहाल. हरवला तर आधी सिम बंद करून डुप्लिकेट घ्या, बँकेला कळवा, पोलिसात तक्रार द्या आणि मग संचार साथी पोर्टलवर तो नंबर टाकून फोन ब्लॉक करा, दुसरं कोणतंही सिम टाकलं तरी तो चालत नाही.

नवा घेतला की जुना फोन पोट्ट्याला शाळेसाठी देतात. देण्याआधी व्हॉट्सअॅप नव्यात उतरवून घ्या, यूपीआय अॅपमधून खाती काढा, गूगल खात्यातून बाहेर पडा, मग फॅक्टरी रिसेट मारा, याच क्रमानं. खातं न काढता रिसेट केलं तर फोन जुन्याच खात्याचा पासवर्ड मागत बसते. आणि नव्या डब्यातली सिम काढायची सुई गल्ल्यात टाका, ऐन वेळी सगळं गाव ती शोधते.